नाशिककरांचा अनुभव धागा: माइनस्वीपर, जेझबॉल आणि मंडळी आजच्या संगणकावर

सुट्ट्या लागल्या की माळ्यावरचे फ्लॉपीचे डबे खाली येतात, म्हणून हा धागा. विषय मायक्रोसॉफ्ट एंटरटेनमेंट पॅक: १९९० ते १९९२ दरम्यान निघालेले, विंडोजसाठीच्या छोट्या गेमचे चार संच. आठवणींचा पूर नको. काय केलं की चालतं आणि कुठे अडतं, तेवढं लिहा.

पंचवटीकर: विंडोज ११ वर गेम उघडत नाही, म्हणून फाइल खराब समजून टाकून देऊ नका. गेम १६ बिटी, म्हणजे जुन्या विंडोजच्या पद्धतीचा आहे आणि ६४ बिटी विंडोजमध्ये असले प्रोग्रॅम चालवणारा भागच ठेवलेला नाही. विनव्हीडीएम (तोच भाग पुरवणारा प्रोग्रॅम) उतरवा, झिप उलगडा आणि गेमची एक्झी, म्हणजे गेम सुरू करणारी फाइल त्यातल्या ओटीव्हीडीएमच्या एक्झीवर ओढून सोडा. इन्स्टॉल करायची भानगड नाही. मात्र एक्झी एकटी उचलू नका, आख्खा फोल्डर घ्या. संचातल्या चिप्स चॅलेंज या गेमला शेजारी 'डब्ल्यूईपी४यूटीआयएल' ही डीएलएल (मदतनीस फाइल) लागतेच.

सिडको, जुना डबा: ३२ बिटी विंडोज १० असेल तर एवढंही नको. विंडोज फीचर्स, लेगसी कंपोनंट्स, एनटीव्हीडीएमवर (१६ बिटी प्रोग्रॅम चालवणारा विंडोजचाच भाग) खूण. झालं.

इंदिरानगर: डॉसबॉक्समध्ये (जुन्या डॉस संगणकाची नक्कल करणारा प्रोग्रॅम) विंडोज ३.१ टाकूनही हे गेम चालतात. हे गेम १६ रंगांत भागतात, त्यामुळे वेगळ्या डिस्प्ले ड्रायव्हरच्या मागे लागू नका. माउस खिडकीत अडकला तर कंट्रोल आणि एफ१०.

जेल रोड: फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालण्याआधी पत्र्याचं झाकण सरकवून चकती उजेडात बघा. आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशी धरते. पांढुरके डाग दिसले तर घालूच नका. ड्राइव्हच्या हेडला (चकती वाचणारा भाग) घाण लागली की पुढच्या चांगल्या फ्लॉप्याही जातात.

कॉलेज रोड: जेझबॉलबद्दल. फिरत्या चेंडूंमध्ये भिंती घालून जागा बंद करायचा हा गेम. पहिल्या पातळीवर दोन चेंडू, पुढे प्रत्येक पातळीला एक वाढतो, आणि ७५ टक्के जागा बंद करायची. डाव्या क्लिकने भिंत, उजव्याने दिशा बदलते. भिंतीचे दोन तुकडे दोन बाजूंना वाढतात. चेंडू वाढत्या तुकड्याला लागला तर एक जीव जातो आणि तेवढाच तुकडा मोडतो, दुसरा पूर्ण होऊ शकतो. म्हणून मधोमध क्लिक करू नका. कडेला लागून सुरुवात केली की एक तुकडा लगेच पक्का होतो, नजर एकाच तुकड्यावर ठेवावी लागते. टचपॅडवर खेळू नका, दोन बोटं टेकली की दिशा फिरते. माइनस्वीपरमध्येही आकड्याभोवतीची घरं उघडायला दोन्ही बटणं एकदम दाबायची असतात, तिथेही साधा माउसच हवा.

गंगापूर रोड: फ्रीसेलचा (पत्त्यांचा गेम) अर्धा डाव सेव्ह होत नाही. लाइट जाण्याआधी शीर्षकपट्टीवरचा डाव क्रमांक कागदावर टिपा, नंतर एफ३ दाबून तोच टाका. ३२,००० पैकी ११९८२ क्रमांकाच्या डावावर वेळ घालवू नका, तो सुटतच नाही.

नाशिक रोड: जुन्याचा हट्ट नसेल तर सायमन टॅथमचा पझल संग्रह घ्या. फुकट आहे, उबुंटू लिनक्सवर पॅकेजचं नाव एसजीटी-पझल्स. त्यातला माइन्स मला जुन्या माइनस्वीपरपेक्षा सरस वाटतो, कारण पहिल्या क्लिकनंतर पाटी तर्काने सुटेल याची खात्री करूनच मांडतो. जुन्यात ३० बाय १६ च्या पाटीवर ९९ सुरुंग, आणि शेवटच्या दोन घरांत बऱ्याचदा छापा-काटा!

सिडको, जुना डबा: टॅथमच्या माइन्समध्ये दोन्ही बटणांची कटकटही नाही. झेंडे पुरे असले की उघड्या आकड्यावर नुसतं डावं क्लिक.