जुन्या अॅम्बेसेडरला थंड हवेची नळी बसवून खरेच उपयोग होतो का?

म्हापशाची_मार्क_टू

नमस्कार. वडिलांनी 1972 साली घेतलेली अॅम्बेसेडर मार्क टू माझ्याकडे आहे. क्रमांक जीडी मालिकेतला, इंजिन 1489 सीसीचे मूळ पेट्रोलवरचे आणि कार्बुरेटर, म्हणजे हवा व पेट्रोल मिसळणारा भाग, एस.यू. कंपनीचा. एअर फिल्टरही जुनाच, म्हणजे तळाशी तेल असलेला डबा आहे. आठवड्यातून दोनदा गाडी बाहेर काढतो आणि वर्षातून तीन-चार वेळा बेळगावला बहिणीकडे जातो.

तक्रार घाटातली आहे. साखळीपर्यंत गाडी सुरेख पळते. परंतु केरी सोडून चोर्ल्याची चढण लागली आणि मागे कुटुंब बसलेले असले, की तिसऱ्या गिअरवर तिचा दम तुटतो, आणि एप्रिल-मेमध्ये तर वर पोहोचेपर्यंत दुसऱ्या गिअरवरच रडतखडत जावे लागते. आमच्या भागातील एका तरुण फिटरने सुचवले, की तेलाचा डबा काढून टाकावा आणि त्या जागी शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर बसवावा, म्हणजे इंजिनाला भरपूर थंड हवा मिळेल आणि गाडी ‘उडेल’. वडिलांची गाडी उडावी अशी माझी अपेक्षा नाही, तिने घाट मानाने चढावा एवढेच पुरे. हा बदल करावा का, आणि करायचाच झाला तर कसा, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

डिचोलीकर

मी हा प्रयोग माझ्या गाडीवर करून पाहिलेला आहे, तेव्हा फायद्याआधी तोटा सांगतो. शंकूचा फिल्टर बसवल्यावर पहिले आठ दिवस मी फार खुशीत होतो, कारण इंजिनाचा आवाज भारदस्त झाला होता आणि आवाज वाढला की वेगही वाढला असे मनाला वाटतेच. पुढे खनिजाच्या ट्रकांच्या रस्त्याने रोजचे येणे-जाणे सुरू झाले. महिन्याभराने फिल्टर काढून कार्बुरेटरच्या तोंडात बोट फिरवले, तर बोट कुंकवात बुडवल्यासारखे लाल झाले. तीच धूळ पुढे सिलिंडरमध्ये जाऊन पिस्टनच्या रिंगा खाते. तेलाचा डबा दिसायला ओबडधोबड असला, तरी आपल्या तांबड्या धुळीपुढे तो चांगला टिकाव धरतो, फक्त त्यातले तेल वेळच्या वेळी बदलले पाहिजे.

फोंड्याचे_गॅरेज

म्हापसेकर, आपल्या फिटरच्या बोलण्यात अर्धे सत्य आहे. थंड हवा दाट असते, त्यामुळे तेवढ्याच जागेत प्राणवायू अधिक मावतो, हे खरे. परंतु उघडा शंकू बॉनेटखाली बसवला, की तो बॉनेटखालचीच तापलेली हवा ओढतो. आपल्या इंजिनात तर हा दोष आणखी वाढतो, कारण आपल्या गाडीतल्या या बी-सिरीज इंजिनाला हवा घेणारा आणि धूर सोडणारा असे दोन्ही मॅनिफोल्ड डाव्याच बाजूला आहेत. चुलीवर तवा ठेवावा तसा एस.यू. कार्बुरेटर एक्झॉस्टच्या डोक्यावर बसलेला असतो. तिथून हवा घेऊन तिला ‘थंड हवा’ म्हणणे हा विनोद झाला.

पैसे खर्च करण्याआधी एक काम करा. लांब वायरचा डिजिटल थर्मामीटर मिळतो; त्याचे टोक फिल्टरच्या तोंडाशी बांधा, वायर दरवाजाच्या फटीतून आत घ्या आणि गाडी चालवताना शेजारच्या माणसाला आकडे लिहायला सांगा. मी एका मार्क टूवर हे केले, तेव्हा बाहेर 33 अंश असताना पणजीच्या सिग्नलवर फिल्टरच्या तोंडाशी 62 अंश दिसले, आणि मोकळ्या रस्त्यावर ताशी 60 किलोमीटरने जाताना 48. उभ्या गाडीत फरक सर्वांत मोठा दिसतो, पण तिथे शक्तीची गरजच नसते. चालत्या गाडीत 48 वरून 33 वर आलो, तर हवा सुमारे पाच टक्के दाट होते आणि शक्ती त्याच्या साधारण निम्म्याने, म्हणजे अडीच टक्क्यांनी वाढते. मूळ 50 च्या आसपास अश्वशक्ती असलेल्या इंजिनाला सव्वा अश्वशक्ती मिळाली, एवढाच त्याचा अर्थ. चोर्ल्यात आपल्याला ती जाणवेल की नाही, याची मला शंका आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंचावर आहे आणि तेवढ्या उंचीवर हवाच सात टक्क्यांनी विरळ होते. नळीने जे कमावले, ते घाट काढून घेतो आणि वर थोडे अधिकच नेतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. कार्बुरेटरला हवेचे वजन कळत नाही. हवा पाच टक्के दाट झाली, तरी एस.यू.मधले (इंजिनातले नव्हे) छोटे पिस्टन एवढेच वर उचलले जाते, की पेट्रोल साधारण अडीच टक्केच वाढते. म्हणजे मिश्रण तेवढे पातळ झाले, हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडले. त्यात आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल आहे. साध्या पेट्रोलला एका किलोमागे सुमारे 14.7 किलो हवा लागते, या मिश्रणाला 13.5 च्या जवळपास, त्यामुळे जुन्या मापाने बसवलेले जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक नळी, आधीच आठ टक्क्यांच्या आसपास कमी पेट्रोल देत आहे. आपली गाडी घाटात धापा टाकते, त्याचे खरे कारण मला हवेपेक्षा इथेच दिसते. भाराखाली पातळ मिश्रणावर चालणारे इंजिन तापते, आणि तापलेल्या इंजिनाशेजारच्या नळीत व कार्बुरेटरच्या वाटीत पेट्रोलच्या वाफा होऊ लागतात.

म्हणून आधी मिश्रण तपासा. इंजिन चांगले गरम झाल्यावर कार्बुरेटरच्या बाजूची छोटी पिन दाबून पिस्टन मिलिमीटरभरापेक्षा थोडे कमी उचला. इंजिनाचे फेरे वाढून वाढलेलेच राहिले, तर मिश्रण जाड आहे. इंजिन गचके देऊन बंद पडू लागले, तर पातळ. क्षणभर किंचित वाढून पूर्ववत झाले, तर ठीक. पातळ निघाल्यास जेटखालचा षटकोनी नट एका वेळी एकच बाजू, म्हणजे एक-षष्ठांश फेरा, खाली फिरवा, आणि पिस्टनवरच्या नळीत पातळ तेल आहे ना, तेही पाहा. ते आटले की पिकअपला गाडी अडखळते. ही पिनेची परीक्षा मंद गतीतली असते, तेव्हा घाट चढून लगेच प्लग काढून पाहिल्याशिवाय निकाल पक्का धरू नका. पांढरेफटक प्लग दिसले, म्हणजे भाराखाली मिश्रण पातळच राहिले, तर जेटमधून किती पेट्रोल जावे हे ठरवणारी सुई बदलण्याचा विचार करावा लागेल.

म्हापशाची_मार्क_टू

दादा, एवढ्या सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. काल सकाळी गाडी गरम करून पिन उचलली आणि इंजिन सरळ बंदच पडले. नट दोन बाजू फिरवल्यावर फेरे स्थिर झाले. पिस्टनवरच्या नळीतले तेल तर जवळजवळ नव्हतेच. गेल्या दोन सर्व्हिसमध्ये कुणी ती टोपी उघडलेली दिसत नाही. थर्मामीटर अजून मिळालेला नाही. तरीही बाहेरची हवा आत आणायची झाल्यास, मूळ डबा ठेवूनच ते कसे करता येईल?

फोंड्याचे_गॅरेज

तेच योग्य ठरेल. डबा काढू नका; त्याच्या तोंडाला अडीच ते तीन इंच व्यासाची, आतून गुळगुळीत नळी जोडा आणि तिचे दुसरे टोक डाव्या हेडलाइटच्या मागे, रेडिएटरच्या पुढच्या बाजूस आणा. रेडिएटरच्या मागे टोक ठेवले, तर पंख्याने फेकलेली गरम हवाच मिळेल. स्टिअरिंग उजवीकडे असल्याने डावीकडे जागा मोकळी मिळते. शिवाय एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि कार्बुरेटर यांच्यामध्ये अॅल्युमिनियमच्या पत्र्याचा आडोसा द्या, दोन्हीकडे बोटभर फट ठेवून. माझ्या अनुभवात या आडोशाने नळीपेक्षा जास्त काम केले आहे, कारण वाटीतले पेट्रोल त्यानेच थंड राहते.

आणखी एक सावधगिरी. कधी डबा काढून पुन्हा बसवाल, तेव्हा गॅस्केट उलटे लावू नका. एस.यू.च्या तोंडाच्या कडेला हवेची लहान छिद्रे असतात. ती झाकली गेली, की पिस्टन नीट उचलले जात नाही आणि माणूस महिनाभर सुई, जेट, प्लग बदलत बसतो. एका ग्राहकाच्या गाडीवर मीच असे दोन दिवस घालवले आहेत, म्हणून सांगतो. रॉकर कव्हरमधून (इंजिनाच्या वरच्या झाकणातून) डब्याकडे येणारी रबरी नळीही जागच्या जागी राहू द्या.

मळ्यातला_पुणेकर

पावसाची आठवण करून देतो. काही जण नळीचे टोक बंपरखाली सोडतात, कारण तिथे हवा सर्वांत थंड असते. पणजीत मळा नावाच्या भागात जुलैमध्ये पाणी तुंबते, तेव्हा त्या तोंडातून पाणी थेट सिलिंडरमध्ये शिरते. पाणी दाबले जात नाही, म्हणून कनेक्टिंग रॉड वाकतो. शेजाऱ्याच्या नव्या गाडीचे इंजिन असेच गेले. टोक हेडलाइटच्या उंचीवर ठेवा, तोंड किंचित खाली वळवा, आणि नळीच्या सर्वांत खालच्या वळणावर पाणी निथळायला बारीक छिद्र पाडा.

कागदपत्रांचेही एक आहे. आपली गाडी 50 वर्षांहून जुनी असल्याने 2021 च्या नियमांनुसार तिची व्हिंटेज म्हणून नोंद करता येते. मात्र गाडी मूळ स्वरूपात असावी आणि चॅसी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. तेव्हा बॉडीचा पत्रा कापू नका; जे जोडाल ते पान्याने सुटेल असेच जोडा. व्हिंटेज नोंदीची गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, हेही अर्ज करण्यापूर्वी ध्यानात घ्या.

म्हापशाची_मार्क_टू

तीन आठवड्यांनी लिहितो आहे. आधी नुसते मिश्रण सुधारून चोर्ला चढलो, मग पत्र्याचा आडोसा बसवून, आणि गेल्या रविवारी नळीही जोडून. तिन्ही वेळा माणसे तीच आणि निघण्याची वेळही सकाळी सातची. पहिल्याच फेरीत, पूर्वी जिथे दुसरा गिअर टाकावा लागे, त्या वळणांपैकी निम्म्याहून अधिक ठिकाणी तिसरा चालला. आडोशानंतर वर चहाला थांबून निघताना गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. तोपर्यंत दर वेळी तिथे दहा मिनिटे बॉनेट उघडून उभे राहावे लागत असे. नळीने फिल्टरच्या तोंडाशी 49 चे 35 अंश झाले, एवढे थर्मामीटर सांगतो. गाडी काही वेगळे सांगत नाही. तरीही नळी ठेवली आहे. वर जाऊन प्लग काढले तर ते बिस्किटी रंगाचे निघाले, म्हणजे मिश्रण ठीक आहे, म्हणून सुईला हात लावलेला नाही.

देव बरें करूं.