न्हाणी तुंबते, चोंदते की बुजते?

खळं-पडवी
गुहागरच्या एका घरगुती निवासाचा सूचनाफलक मराठीत करायचा आहे. थंडीचा हंगाम नाताळात भरतो आणि जानेवारीअखेर ओसरतो. घोळ होतो तो बहुधा निघायच्या सकाळी. मंडळी समुद्रावरून थेट न्हाणीत शिरतात. टॉवेलातली, चड्ड्यांच्या शिवणीतली, पोरांच्या खिशातली पुळण जाळीतून खाली जाते आणि शेवटच्या माणसाच्या आंघोळीला पाणी घोट्याला लागतं. तोवर धोपाव्याची फेरीबोट गाठायची घाई, त्यामुळे कोणी सांगत नाही. इंग्रजी मसुद्यात सगळीकडे एकच क्रियापद आहे. मी ‘न्हाणी तुंबल्यास लगेच सांगावे’ असं केलं होतं. घरमालकांनी ते खोडून ‘चोंदल्यास’ केलं, कारण त्यांच्या मते तुंबतं ते गटार. शेजारच्यांनी ‘बुजल्यास’ सुचवलं. फलकावर जागा एका ओळीची. काय ठेवू?

जांभा
तुंबतं ते पाणी, चोंदते ती वाट. तुंबण्यात साठा आहे, म्हणून कामं तुंबतात, रस्त्यावर वाहतूक तुंबते. चोंदण्यात अरुंद जागा आहे, म्हणून नाक चोंदतं. बुजणं म्हणजे भरून सपाट होणं. भोक बुजतं, पडीक विहीर बुजवतात. तुमच्या न्हाणीत तिन्ही गोष्टी होतात, पण ओळीने. आधी जाळीखालचा ट्रॅप चोंदतो, मग न्हाणी तुंबते, आणि तसंच सोडलं तर पुढचा पाइप बुजतो. पाहुण्याच्या डोळ्यांना दिसतं ते साचलेलं पाणी, तेव्हा फलकावर ‘तुंबल्यास’च हवं. ‘चोंदलाय’ हे प्लंबरने वाकून बघितल्यावर म्हणायचं.

पागोळी
वाटणी छान, पण टिकत नाही. गटार ही वाटच ना? मग ते का तुंबतं? ‘पाइप तुंबलाय’ हेही सर्रास म्हणतात, अगदी प्लंबरसुद्धा. बोलणारा माणूस वाट आणि साठा असा हिशेब करत बसत नाही.

जांभा
गटार उघडं असतं, साठलेलं दिसतं, म्हणून तुंबतं. ‘पाइप तुंबलाय’ म्हणताना मनात पाइपातलं पाणीच असतं. आणि ‘नाक तुंबलंय’ म्हणून बघा, लगेच खटकेल.

मात्रा-वेलांटी
मूळ रोग वेगळाच आहे. ‘ट्रॅप’ कशाला? ‘जलबंध’ म्हणा. निम्म्या घरांत आता ‘चोकअप झालंय’ ऐकू येतं, तेही हद्दपार करायला हवं. तीन-तीन क्रियापदं असलेल्या भाषेने उसनं आणावं याचं वाईट वाटतं.

खाडीपलीकडे
‘जलबंध’ वाचून पाहुणे धरण शोधत बसतील. तुंबलेलं पाणी ज्या ‘बादली’ने उपसायचं ती पोर्तुगीज, वाळू ज्या ‘घमेल्या’त टाकायची तेही पोर्तुगीज, खोलीची ‘चावी’ पोर्तुगीज, आणि हंगाम ज्याने सुरू होतो तो ‘नाताळ’ही त्यांचाच. यातलं काय काय हद्दपार करायचं ते आधी ठरवा.

मात्रा-वेलांटी
जुनं रुळलेलं वेगळं, आजचं आयतं वेगळं. सावरकर 1924 ते 1937 रत्नागिरीत स्थानबद्ध होते, भाषाशुद्धीची चळवळ तिथूनच उभी राहिली. ‘दिनांक’, ‘महापौर’ यांनाही तेव्हा लोक हसलेच होते. आज कोण हसतं?

खाडीपलीकडे
‘महापौर’ शहराला एक असतो, ट्रॅप प्रत्येक न्हाणीत असतो. ज्या वस्तूला रोज हात लागतो तिचं नाव हात लावणारेच ठरवतात.

पाना-पक्कड
शब्दांचं होईल ते होवो, फलकावर कृती चुकीची जाऊ नये म्हणून लिहितो. न्हाणीच्या ट्रॅपला वर जाळी, तिच्याखाली उपडा कप आणि कपाभोवती वाटीत साधारण 50 मिलिमीटर पाणी उभं राहतं. ते पाणी खालची घाण आणि झुरळं अडवतं. वाळू जड, ती या वाटीतच बसते. लोक पहिली चूक करतात ती वरून दट्ट्या मारण्याची. त्याने वाटीतली वाळू पुढच्या बाकात ठासली जाते आणि पाच मिनिटांचं काम फरशी फोडण्यावर जातं. आधी जाळी काढा, कप फिरवून वर उचला, वाटीतली वाळू हाताने नाहीतर जुन्या गाळणीने उपसा. मग बादलीभर पाणी एकदम ओता. बारीक धार सोडून उपयोग नाही, वाळू वाहून न्यायला पाण्याला जोर लागतो. तरीही पाणी चढत राहिलं तर मगच दट्ट्या.

कॉस्टिक सोडा वाळूवर काही करत नाही. उलट साबण आणि तेलकटपणा असेल तर वाळूसकट त्याचा गोळा बसतो. अ‍ॅसिडने सिमेंटचे सांधे खाल्ले जातात. आणि अ‍ॅसिड व ब्लीचिंग पावडर एकत्र कधीही टाकू नये, क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीत ते जिवावर बेतू शकतं.

खरा उपाय न्हाणीच्या बाहेर आहे. खळ्याच्या कडेला गुडघ्याएवढ्या उंचीवर नळ घ्या, खाली दोन चिरे टाका आणि उघडा पाट काढून पाणी माडाच्या आळ्यात सोडा. उघड्या पाटातली वाळू फावड्याने ओढता येते.

खळं-पडवी
फार उपयोगी. म्हणजे फलकावर ‘उपसणे’ही आलं. पण क्रियापद?

पागोळी
हंगाम संपून घर बंद राहिलं की न्हाणीला वास मारतो, तेव्हाही लोक ‘तुंबलंय’ म्हणून प्लंबर बोलावतात. प्रत्यक्षात काहीच तुंबलेलं नसतं, ट्रॅपमधलं पाणी सुकलेलं असतं. याला शब्द आहे का? विहीर आटते, तळं आटतं. ट्रॅप आटला म्हणावं का?

पाना-पक्कड
आटला म्हणा, सुकला म्हणा. लिटर-दोन लिटर पाणी ओता, वास थांबतो. घर महिनाभर बंद राहणार असेल तर पाण्यावर चमचाभर गोडं तेल सोडा, वाफ कमी होते. खोबरेल नको. ते 24 अंशांच्या आसपास गोठतं, थंडीच्या रात्री त्याची कवडी धरते आणि मग वाळू बाजूला राहून तेलानेच वाट चोंदते.

जांभा
बघा, ‘चोंदते’ आपोआप आलं!

माडाची-झावळ
याच यादीत पंप घ्या. पाहुणे गेल्यावर टाकी रिकामी, पंप सुरू करावा तर नुसता घोंघावतो. याला कुणी ‘पंपाने पाणी सोडलं’ म्हणतात, कुणी ‘एअर धरली’. एकाने सोडलं, दुसऱ्याने धरलं, आणि बिघाड एकच!

पाना-पक्कड
दोन्ही बरोबर आहेत, एका घटनेच्या दोन बाजू आहेत. विहिरीत पाइपाच्या तळाशी फूटव्हॉल्व्ह असतो. त्याच्या झडपेत कचरा अडकला की पाइपातलं पाणी खाली उतरतं आणि त्या जागी हवा येते. हवेला पंप ओढू शकत नाही. वरचं बूच काढून पाणी भरत राहा, बुडबुडे थांबेपर्यंत. मग बूच लावून बटण दाबा. भरलेलं पाणी पुन्हा पुन्हा खाली जात असेल तर व्हॉल्व्ह वर काढून झडप धुवा. कोरडा पंप चालू ठेवू नका, सील जळतं. जानेवारीनंतर विहिरी खाली जातात हेही लक्षात असू द्या. वर बसवलेला पंप हिशेबाने 10 मीटरपर्यंत ओढायला हवा, पण घर्षण आणि बारीकसारीक गळती धरता सातच्या पुढे भरवसा नाही.

खाडीपलीकडे
‘बूच’ मस्त. मात्रा-वेलांटी, यालाही काही सुचतंय का?

मात्रा-वेलांटी
बूच चालेल. टोमणा कळला.

पागोळी
अवांतर: निघायच्या दिवशीचा आणखी एक ठरलेला घोटाळा म्हणजे हौसेने पितळेच्या पातेल्यात केलेली सोलकढी. उरलेली तशीच राहते आणि कळकते. फलकावर ‘सोलकढी पितळेत ठेवू नये’ एवढं घालाच. यात जांभांसाठी प्रश्न: कळकतो तो पदार्थ की भांडं?

जांभा
पदार्थ. भांड्यातला तांब्याचा अंश आंबटाने सुटतो आणि पदार्थात उतरतो, म्हणून पदार्थ कळकतो. भांड्यावर धरतो तो कळंक. लोखंड गंजतं, पितळ गंजत नाही.

माडाची-झावळ
कळकणे हे ‘कळक’वरून आलं असेल का? बांबूच्या नळीत ठेवलेलं खराब होतं म्हणून?

जांभा
नाही हो. कळक म्हणजे बांबू हे खरं, पण कळकण्याचा आणि त्याचा संबंध फक्त उच्चारापुरता. असं जोडत गेलं तर ‘तुंबणे’ तुंब्यावरून काढावं लागेल.

माडाची-झावळ
तुंब्यावरून का नसेल? भोपळा पोटात पाणी साठवतोच की.

जांभा
वाळवून, पोखरून झाल्यावर. उगवतानाच भरलेला असता तर मानलं असतं.

पाना-पक्कड
पातेलं टाकून देऊ नका, कल्हई करून घ्या. भांडं घासून तापवायचं, नवसागर भुरभुरायचा, कथलाची कांडी टेकवायची आणि वितळलेलं कथील कापसाच्या बोळ्याने भराभर आत फिरवायचं. नवसागराचा धूर डोळ्यांना झोंबतो, म्हणून उघड्यावर करतात. आतून पिवळं दिसायला लागलं की पुन्हा करायची वेळ झाली. कल्हईचं भांडं रिकामं गॅसवर ठेवू नये. कथील 232 अंशांना वितळतं, थर गोळा होऊन कल्हई उतरते.

पागोळी
कल्हई ‘उडते’. ‘उतरते’ नाही.

पाना-पक्कड
घासून घासून जाते ती उडते. तापून ओघळते ती उतरते.

खाडीपलीकडे
आमच्याकडे दोन्हीला ‘गेली’ म्हणतात.

खळं-पडवी
मंडळी, फलक उद्या रंगाऱ्याकडे द्यायचा आहे.

पागोळी
उडते. ओघळली तरी उडालीच म्हणतात, कुणाही कल्हईवाल्याला विचारा.