नेस्टेड जेसन मागणाऱ्यांनो, झाड नक्की कशाला हवंय?

पाटी_कोरी

"गावांची यादी नेस्टेड करून द्या" हे मागणं प्रत्येक प्रोजेक्टात ठरलेलं. हातात असते एक्सेलची सरळसोट यादी. जिल्हा, तालुका, गाव, ओळीगणिक तिन्ही रकाने भरलेले. समोरच्याला हवं असतं जिल्ह्याच्या पोटात तालुके आणि तालुक्याच्या पोटात गावं असं जेसन (प्रोग्रॅममध्ये माहितीची देवाणघेवाण करायचा मजकुरी साचा). या एकात एक रचनेलाच झाड म्हणतात. माझं मत मांडतो, वाद व्हावा म्हणूनच धागा काढलाय. माहिती साठवताना, तपासताना, इकडून तिकडे पाठवताना सपाटच ठेवा. झाड बांधायचं ते अगदी शेवटी, पडद्यावर काढण्यापुरतं. काम झालं की टाकून द्यायचं.

एक तर बांधताना गुपचूप गळती होते. पायथॉन भाषेतलं गट पाडणारं ग्रुपबाय फक्त लागोपाठच्या सारख्या ओळी एकत्र करतं. यादी आधी सॉर्ट केली नाही आणि ठाण्याच्या काही ओळी वर, काही खाली असल्या, तर ठाणे दोनदा निघतं. त्याची डिक्शनरी (एका नावासमोर एकच नोंद ठेवणारी रचना) केली की दुसरं ठाणे पहिल्याच्या जागी बसतं आणि आधीची गावं गेली. एरर नाही, वॉर्निंग नाही, जेसन देखणं दिसतं.

मग नावालाच 'की', म्हणजे नोंद ओळखायची खूण, करण्याची खोड. कर्जत रायगडात आहे तसं अहिल्यानगरातही आहे. खेड पुण्यात आणि रत्नागिरीत, मालेगाव नाशकात आणि वाशिमात, कळंब यवतमाळात आणि धाराशिवात. तालुक्याच्या नावावर गट पाडलात तर पुण्याच्या खेडमधलं चाकण थेट कोकणात जातं. आणि नावं तरी कुठे टिकतात? २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव. ज्यांनी जिल्ह्याचं नाव झाडाची की केलं होतं त्यांचे जुने रेकॉर्ड लोंबकळत राहिले. ज्यांनी जिल्ह्याचा कोड (न बदलणारा क्रमांक) ठेवला त्यांनी एका ओळीतलं नाव बदललं.

शेवटचं म्हणजे पालघर. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून आठ तालुके निघून राज्याचा ३६वा जिल्हा झाला. सपाट तक्त्यात प्रत्येक ओळीला पेरेंट आयडी (वरच्या पातळीवरच्या ओळीचा क्रमांक) असेल, तर जिल्ह्याची एक ओळ वाढवायची आणि आठ तालुक्यांचा पेरेंट बदलायचा. गावांना हातच लावावा लागत नाही. झाड साठवून ठेवलं असेल तर आठ फांद्या उचलून दुसरीकडे लावा, आणि ज्या ज्या फाइलमध्ये ते झाड कॉपी झालंय तिथे तिथे पुन्हा लावा.

बटणवाली

कर्जतचं उदाहरण तुमच्याच अंगावर येतंय हो. झाडात रायगडाखालचं कर्जत आणि अहिल्यानगराखालचं कर्जत आपोआप वेगळी राहतात. मिसळतात ती सपाट यादीत. म्हणजे नेस्टेडमुळे संदर्भ टिकतो आणि तुम्ही खापर त्याच्यावरच फोडताय.

दुसरं, तुम्ही सर्व्हरपाशी बसून बोलताय. मी फॉर्म बनवते. सर्वेक्षक मोखाड्याला किंवा मेळघाटात उभा असतो, रेंज येते-जाते. जिल्हा निवडला की एक कॉल, तालुका निवडला की दुसरा, तोवर चक्री फिरतेय आणि समोरची बाई म्हणतेय, जाऊ का मी? मला एकदाच डाउनलोड होणारी, फोनमध्ये बसणारी एक फाइल हवी. तिच्यातून जिल्ह्यावरून तालुके आणि तालुक्यावरून गावं लगेच मिळाली पाहिजेत. त्याला झाडच लागतं.

अल्गो_पिसाट

मूळ भांडण बाजूला ठेवून: झाड बांधायला जड असतं हा समज कुठून आला? पेरेंट आयडी असलेली यादी असेल तर दोन फेऱ्यांचं काम आहे. पहिल्या फेरीत प्रत्येक ओळीचा नोड (झाडातला एक सांधा) करून आयडीवरून मॅपमध्ये (आयडी दिला की नोंद देणारी रचना) ठेवायचा. दुसऱ्या फेरीत प्रत्येक नोड आपल्या पेरेंटच्या मुलांच्या यादीत टाकायचा, पेरेंट रिकामा असेल तर तो मूळ. ओळी कुठल्याही क्रमाने आल्या तरी चालतं, सॉर्ट नको, रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच पुन्हा बोलावणं) नको.

लोक करतात काय, तर प्रत्येक नोडसाठी "याची मुलं कोण" म्हणून अख्खी यादी चाळतात. राज्यात गावं चाळीस हजारांहून जास्त. चाळीस हजारांचा वर्ग म्हणजे १६० कोटी तुलना. मग म्हणायचं, नेस्टेड स्लो आहे.

इंटरव्ह्यूत हा प्रश्न मी हमखास विचारतो. दोन फेऱ्यांचं उत्तर बरेच जण देतात. त्यानंतर विचारतो की ज्याचा पेरेंट यादीतच नाही त्या ओळीचं काय? आणि अ चा पेरेंट ब, ब चा पेरेंट अ असेल तर? इथे शांतता. पहिल्या प्रकारात ओळ एक तर प्रोग्रॅम पाडते किंवा कुणी "असेल तरच जोड" लिहिलं असेल तर निमूटपणे गळते. दुसऱ्यात दोघं एकमेकांना धरून बसतात, मुळाशी जोडलेच जात नाहीत, आणि मुळापासून चालत गेलात तर भेटत नाहीत. उपाय फार साधा आहे. मुळापासून चालत सगळे नोड मोजा. आकडा यादीतल्या ओळींइतका आला नाही तर झाड बाहेर जाऊ देऊ नका. आलेख काढायच्या डी३ लायब्ररीतलं झाड बांधणारं स्ट्रॅटिफाय पेरेंट सापडला नाही, मूळ एकाहून जास्त निघाली किंवा चक्र निघालं की सरळ एरर फेकतं. आपल्या हाताने लिहिलेल्या कोडनेही तेच केलं पाहिजे.

पाटी_कोरी

@अल्गो_पिसाट, वेगाबद्दल माझी तक्रारच नव्हती. पण तुमच्या तपासण्या बघा: ओळी मोजणं, पेरेंट आहे का बघणं. या सगळ्या सपाट यादीवर चालतात म्हणून सोप्या आहेत. एकदा झाड झालं की हरवलेलं गाव शोधायला आधी ते झाड पुन्हा सपाट करावं लागतं.

@बटणवाली, कर्जत वेगळं राहायला झाड कशाला? कोड पुरेसा आहे. आणि तीन ड्रॉपडाउनना झाड लागतं हे मला मान्य नाही. ड्रॉपडाउनला एवढंच हवं असतं की "ज्यांचा पेरेंट हा, त्या ओळी द्या". पेरेंटवरून एक मॅप करून ठेवला की झालं. फोनमध्येही तो करता येतो.

जुना_मेनफ्रेम

मंडळी, हे भांडण तुमच्यापैकी बहुतेकांच्या जन्माआधीचं आहे. आयबीएमचं आयएमएस हे डेटाबेस सॉफ्टवेअर साठच्या दशकात आलं, अपोलो मोहिमेच्या सुट्या भागांच्या याद्या सांभाळायला. माहिती झाडासारखी ठेवायची आणि वरून खाली उतरत वाचायची. प्रचंड वेगवान. मी त्यावर काम केलंय, आणि मोठ्या बँकांमधून ते अजूनही चालतं, तेव्हा त्याला कुणी म्हातारं म्हणून हसू नये.

पण १९७० मध्ये एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेलचा (माहिती सपाट तक्त्यांत ठेवायच्या पद्धतीचा) जो निबंध लिहिला, त्यात त्यांनी नेमक्या याच दुखण्यावर बोट ठेवलं. पार्ट आणि प्रोजेक्ट यांची एकच माहिती त्यांनी पाच वेगवेगळ्या रचनांत मांडून दाखवली. प्रोजेक्टच्या पोटात पार्ट, पार्टच्या पोटात प्रोजेक्ट, दोन्ही वेगळे, वगैरे. एका रचनेवर लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्या रचनेवर चालत नाही. त्यांचा आक्षेप झाडाच्या वेगावर नव्हता. झाड साठवताना तुम्ही प्रश्न कुठून विचारला जाणार हे आधीच ठरवून टाकता, यावर होता. तीसेक वर्षांनी जेसन आलं आणि पोरं पुन्हा तेच ठरवायला लागली.

बटणवाली

काका, आदर आहे, पण कॉड साहेबांच्या काळात ऑफलाइन ॲप नव्हतं. "प्रश्न कुठून विचारला जाणार" हे मला शंभर टक्के माहीत आहे. वरून खाली. जिल्हा, तालुका, गाव. सरकारी फॉर्मवर दुसरा क्रम मी आजवर पाहिलेला नाही.

तलाठी_नव्हे

आता मात्र राहवलं नाही. महसूल आणि ग्रामविकास अशा दोन्हीकडच्या डेटाशी रोज झटापट असते, म्हणून लिहितो.

जिल्हा, तालुका, गाव हे झाडाचं शाळेतलं चित्र आहे. महसुली उतरंड अशी: विभाग, जिल्हा, उपविभाग, तालुका, मंडळ, सजा, गाव. विभाग सहा, जिल्हे ३६, इथवर सगळ्यांना येतं. सजा म्हणजे एका तलाठ्याच्या हाताखालची गावं. आता तेच गाव पंचायतीच्या बाजूने बघा. जिल्हा परिषद, पंचायत समिती, ग्रामपंचायत. गट ग्रामपंचायत असेल तर तीन-चार महसुली गावं मिळून एक पंचायत, आणि ती एकाच सजेत असतील असं कुणी लिहून दिलेलं नाही. तिसरी बाजू निवडणुकीची. विधानसभेचे मतदारसंघ २८८, आणि त्यातले कित्येक एक अख्खा तालुका अधिक शेजारच्या तालुक्यातली काही महसूल मंडळं असे जोडलेले.

म्हणजे एका गावाला तीन आईबाप. बटणवाली ताई, तुमच्या फॉर्मवर पीकविम्याचा प्रश्न आला की मंडळ लागेल, घरकुलाचा आला की ग्रामपंचायत लागेल. कुठलं झाड बांधून ठेवणार? दोन्ही बांधलीत तर गाव दोन ठिकाणी कॉपी झालं. मग एका ठिकाणी नावाची दुरुस्ती होईल, दुसरीकडे राहील.

हद्दवाढ तर वेगळंच प्रकरण. पुणे महापालिकेने २०१७ मध्ये ११ गावं घेतली, २०२१ मध्ये आणखी २३. पहिल्या ११ पैकी फुरसुंगी आणि उरुळी देवाची नंतर बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद केली. महसूलच्या लेखी या सगळ्या काळात ही दोन्ही हवेली तालुक्यातलीच गावं. एक झाड जागेवर उभं आणि दुसऱ्यात गाव आत-बाहेर करतंय. आमच्याकडे यावर एकच गोष्ट चालली: गावांचा एक तक्ता आणि नात्यांचा वेगळा तक्ता. नात्याच्या ओळीत मूल कोण, पेरेंट कोण, कुठली उतरंड, कधीपासून, कधीपर्यंत. ज्याला जे झाड हवं ते त्याने त्या तारखेचं बांधून घ्यावं. २०११ च्या जनगणनेचे आकडे घेऊन बसलात तर ठाण्यात पालघरचे आठ तालुके धरूनच झाड बांधावं लागतं, नाहीतर आजच्या ठाण्याशी तुलना करून लोकसंख्या घटल्याचा शोध लागतो. असे शोध छापूनही येतात.

सव्वादोन

+१. आणि हे सगळं डेटाबेसला करता येतं. रिकर्सिव्ह क्वेरी (पेरेंटवरून पायरीपायरीने मुलं शोधणारा प्रश्न) डेटाबेसच्या एसक्यूएल भाषेत १९९९ च्या स्टँडर्डपासून आहे. पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये २००९ ला ८.४ सोबत आली, मायएसक्यूएलने मात्र ८.० पर्यंत, म्हणजे २०१८ पर्यंत, ताटकळत ठेवलं. पोस्टग्रेस १४ पासून चक्र पकडायचं कलमही आहे. तुम्ही पायथॉनमध्ये लूप का फिरवताय?

अल्गो_पिसाट

@सव्वादोन, कारण यादी डेटाबेसातून येतेच असं नाही. निम्म्या वेळा ती व्हॉट्सॲपवर एक्सेल म्हणून येते, जिल्ह्याच्या रकान्यात मर्ज केलेले सेल असतात आणि पुढच्या चाळीस ओळी रिकाम्या. आधी तो रिकामा रकाना वरच्या नावाने भरा, मग बोलू रिकर्सिव्ह क्वेरीवर.

बटणवाली

@तलाठी_नव्हे, नात्यांचा वेगळा तक्ता पटला. तीन उतरंडी असतील तर साठवायला सपाटच बरं, हे मान्य. पण पाटी_कोरी म्हणतात की झाड फक्त पडद्यावर असावं, ते नाही पटत. तुमचा तक्ता फोनमध्ये टाकला तर तारखा, उतरंडी, पेरेंट शोधण्याचा कोड, सगळं फोनवर आलं. सर्वेक्षकाकडे असतो सगळ्यात स्वस्त हँडसेट. एकाच झाडाचं काम असताना मी तिथे तुमचं महसूल खातं का चालवू? सर्व्हरवर झाड बांधा, तपासा, आणि मला बांधलेलं द्या.

पाटी_कोरी

बांधलेलं द्यायला ना नाही, पण फॉर्ममध्ये बदल होतो तिथे ते त्रास देतं. सर्वेक्षकाने एका गावापुढे "पूर्ण" अशी टिक केली की रिॲक्टमध्ये (पडदे बनवायची लायब्ररी) ते गाव, त्याचा तालुका, त्याचा जिल्हा, वरपर्यंत सगळ्यांची नवी प्रत करावी लागते. ॲपची माहिती सांभाळणाऱ्या रिडक्सचं अधिकृत डॉक्युमेंटेशनसुद्धा हेच सांगतं: नेस्टेड आलेला डेटा आयडीवरून सपाट करून स्टेटमध्ये (ॲपच्या चालू माहितीत) ठेवा. म्हणजे मी यादीचं झाड करून पाठवायचं आणि तुम्ही ते उतरवून पुन्हा यादी करायची. मोठं झाड स्क्रोल करायचं असेल तरीही तेच. पडद्यावर दिसणाऱ्या ओळी म्हणजे लेव्हलचा आकडा लावलेली सपाट यादीच असते.

बटणवाली

टिक मी झाडात ठेवतच नाही. गावाचा कोड आणि टिक, एवढं वेगळं ठेवते. झाड फक्त वाचायला, त्यावर लिहायचं नाही. न बदलणाऱ्या गोष्टीची प्रत करावी लागत नाही, त्यामुळे तुमचा रिडक्सचा मुद्दा मला लागू नाही.

तलाठी_नव्हे

हे चालेल. फक्त झाड तालुक्यापुरतं तोडून द्या. नाशिकच्या माणसाच्या फोनमध्ये गडचिरोलीची गावं नकोत. आणि प्रत्येक फाइलच्या डोक्यावर उतरंडीचं नाव आणि कुठल्या तारखेचं झाड आहे ते लिहा.

पाटी_कोरी

तालुकानिहाय, फक्त वाचायची, तारीख घातलेली फाइल असेल तर माझा विरोध नाही. पण ती बनवणारी स्क्रिप्ट सपाट तक्त्यावरून चालेल आणि ओळींची संख्या जुळली नाही तर फाइल निघणार नाही. कुणीही फाइल हाताने उघडून त्यात गाव घुसवायचं नाही.

बटणवाली

आणि सोमवारी सकाळी फिल्डवरून फोन आला की आमची वाडी यादीत नाही, तर?

पाटी_कोरी

तर तक्त्यात ओळ घालायची आणि स्क्रिप्ट चालवायची.

बटणवाली

ती कोण चालवणार, आणि किती वाजता, हे आधी लिहून द्या. मग काढते हाताने घुसवायची सोय.