पाल्कचा उपसागर : आधी आपले ट्रॉलर आवरा

खाडीकाठ :
प्रवाळ आणि मासे सीमा ओळखत नाहीत, त्यामुळे भारत व श्रीलंकेने संयुक्त प्राधिकरण नेमले की तमिळनाडू आणि श्रीलंका यांच्यामधल्या पाल्कच्या उपसागरातला मासेमारीचा प्रश्न मिटेल, असे काल इथे एका सदस्याने लिहिले आणि सर्वांनी माना डोलावल्या. मला ते पटले नाही आणि रागही आला, म्हणून सविस्तर लिहितो. नोव्हेंबर 2016 मध्येच दोन्ही देशांनी संयुक्त कार्यगट नेमला आणि तळ खरवडणारी मासेमारी लवकरात लवकर थांबवण्यावर एकमत जाहीर केले. श्रीलंकेने 2017 मध्ये कायदा करून ती आपल्याकडे बंद केली. त्याच वर्षी आपण तळावरून जाळे ओढणारे 2000 ट्रॉलर तीन वर्षांत बदलण्याची योजना आखली, त्याऐवजी घ्यायच्या खोल समुद्रातल्या 80 लाखांच्या नौकेवर 70 टक्के अनुदान ठेवले, आणि तरीही रामेश्वरमचे ट्रॉलर रात्री सीमारेषा ओलांडतातच. उपसागराची खोली बहुतेक ठिकाणी 15 मीटरहूनही कमी आहे. तिथे जाळ्याच्या जड फळ्या तळावरून ओढल्या की सागरी गवत मुळासकट उपटते आणि उठलेला गाळ प्रवाळावर बसतो. शेजारच्या मन्नारच्या आखातातील पूवरसनपट्टी आणि विलंगुचल्ली ही बेटे पाण्याखाली गेली, ती मुख्यतः चुन्यासाठी आणि बांधकामासाठी प्रवाळ खणून नेल्यामुळे. ते खणायला श्रीलंकेतून कोणी आले नव्हते.

दर्यावर्दी :
बोटमालक आणि खलाशी यांना आपण एकाच मापाने मोजत आहात. अनुदान वजा जाता उरलेल्या रकमेसाठी कर्ज काढावे लागते, ते फेडण्याची ऐपत किती जणांची आहे? रात्री जाऊन सकाळी परतणाऱ्या माणसाला खोल समुद्रात आठवडे काढून गळाची मासेमारी करण्याचे कसब चार दिवसांच्या प्रशिक्षणाने येत नाही. सीमेपलीकडे पकडला जातो तो खलाशी, मालक घरीच असतो. आणि 1974 मध्ये कच्चतीवू बेट श्रीलंकेला देऊन टाकले नसते, तर ही वेळच आली नसती.

खाडीकाठ :
कच्चतीवू मिळाले म्हणून तळ पुन्हा जिवंत होणार नाही. ट्रॉलर त्या बेटाच्या कितीतरी पुढे, श्रीलंकेतल्या जाफना आणि मन्नारच्या किनाऱ्यालगत जातात, कारण आपल्या बाजूचा तळ ओरबाडून झाला आहे. समोरचे मच्छीमारही तमिळच आहेत. श्रीलंकेतल्या यादवी युद्धाच्या काळात त्यांना समुद्रात जाण्यावर निर्बंध होते, आणि 2009 नंतर त्यांनी कर्ज काढून होड्या लोटल्या, तेव्हा त्यांची जाळी आपल्या ट्रॉलरांनी फाडली.

रापणकर :
दोन देशांचे राहू द्या, एका देशातली दोन राज्ये तरी एकत्र बसतात का? मालवणला 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, तिथेही प्रवाळ आहे. माझ्या काकांनी संध्याकाळी टाकलेली जाळी रात्री परराज्यातल्या ट्रॉलरखाली गेली. सकाळी दोराचे तुटके टोक आणि दोन बोये तेवढे हाती लागले. तक्रार द्यायला गेले, तर नौकेचा क्रमांक विचारला. काळोखात क्रमांक कोणी वाचायचा? 2016 मध्ये पर्ससीनवर, म्हणजे माशांचा थवा वेढून उचलणाऱ्या मोठ्या जाळ्यावर, निर्बंध आले, 2021 मध्ये दंड वाढला, पण समुद्रात गस्तच नसेल तर तो वसूल कोण करणार?

निळी लाट :
विषय तळ खरवडण्याचा असताना पर्ससीन मध्येच कशाला ओढता? आमच्या घरची पर्ससीन आहे. आम्ही वरच्या पाण्यातला बांगडा आणि तारली घेरतो, तळाला हात लावत नाही. प्रत्येक चर्चेत आम्हालाच आरोपी करण्याची ही सवय आता असह्य झाली आहे.

रापणकर :
थवाच्या थवा एका वेढ्यात उचलल्यावर किनाऱ्यावरून ओढायच्या रापणीच्या जाळ्यात काय यायचे, ते आमच्या वाड्यावर येऊन पाहा. पन्नास माणसे दोर ओढतात आणि टोपलीभर मासळीही निघत नाही. प्रवाळाला तुमचे जाळे लागत नाही, एवढे मान्य करतो, त्यापुढे काहीही नाही.

उत्तरा :
कृपया मूळ प्रश्नाकडे या. खाडीकाठ यांचा युक्तिवाद अर्धाच आहे. 2010 आणि 2016 मध्ये मन्नारच्या आखातातले प्रवाळ पांढरे पडले, ते पाणी तापल्यामुळे. प्रवाळाच्या आणि माशांच्या अळ्या प्रवाहाबरोबर वाहतात, त्यामुळे एकाच काठावर मोजणी करून साठ्याचा अंदाज येत नाही. सहकार्य फळते याचा पुरावाही आहे. प्रशांत महासागरातील नाउरू कराराचे देश ट्यूना पकडणाऱ्या बोटींना मासेमारीचे दिवस विकतात आणि दिवसाला किमान 8000 डॉलरचा दर सर्वांनी मिळून ठरवला आहे. एकेकट्या बेटाला तो दर कोणी दिला नसता.

खाडीकाठ :
संयुक्त मोजणी हवी, हे मान्य. परंतु नाउरूचे देश मुख्यतः परक्या बोटींकडून पैसे घेतात, पाल्कमधल्या बोटी आपल्याच मतदारांच्या आहेत आणि खरी अडचण तीच आहे. पाणी तापते म्हणूनच ट्रॉलर थांबवणे अधिक निकडीचे आहे, कारण गाळाने माखलेले प्रवाळ उष्णतेच्या तडाख्यातून सावरणे अवघड असते. तमिळनाडूच्या बाजूला ट्रॉलरना आठवड्यातले तीन दिवस आणि छोट्या होड्यांना चार दिवस, अशी वाटणी आहे. ट्रॉलरचे तीन दिवस दरवर्षी घटवत शून्यावर आणा. त्यासाठी कोलंबोची परवानगी लागत नाही.

दर्यावर्दी :
दिवस घटवायला माझा विरोध नाही, हे नाइलाजाने लिहितो. मात्र त्या दिवसांची मजुरी खलाशाच्या खात्यात थेट जमा झाली पाहिजे, मालकाच्या हातून नव्हे, आणि ट्रॉलर मोडीत काढल्याची भरपाई देताना त्यावर राबणाऱ्यांचाही वाटा ठरला पाहिजे. हे आपल्या प्रस्तावात लिहा, मी सही करतो. कच्चतीवूबद्दलचे माझे मत कायम आहे.