म्युझिक टेक्नॉलॉजीत मास्टर्स: बेळगावच्या पोरीनं हातातली नोकरी सोडून जावं का?

टिळकवाडीकर
भाचीचं इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअरिंग यंदा संपतंय. पेटीत विशारद आहे. बंगळूरची नोकरी हातात आहे, पण तिला म्युझिक टेक्नॉलॉजीत मास्टर्स करायचंय. घरात दोन तट पडलेत. माझं मत स्पष्ट आहे: तिनं जावं.

कारण सांगतो. की-बोर्ड घ्या, ट्यूनरचं अ‍ॅप घ्या, बहुतेकांत मूळ माप एकच: सप्तकाचे १२ सारखे भाग, प्रत्येक १०० सेंटचा. तानपुरा नीट लागला की खर्जातून जो गंधार आपोआप ऐकू येतो तो षड्जापासून ३८६ सेंटांवर असतो, की-बोर्डचा ४०० वर. हे १४ सेंट कानाला टोचतात. दरबारी रागाचा कोमल गंधार तर आंदोलनात असतो, एका जागी ठरतच नाही. सूर सुधारणारं सॉफ्टवेअर त्याला चूक समजून ओढून सरळ करतं. कुमार गंधर्वांचं सुळेभावी आपल्या शेजारी. ज्यांच्या कानात हे सूर लहानपणापासून आहेत त्यांनी सॉफ्टवेअर लिहायचं नाही, तर कुणी लिहायचं?

निपाणीकर साउंड
मामा, राग मानू नका, पण पटत नाही. गणपतीत, जत्रेत, पारायणात साउंड आमचा असतो. आमची पोरं मिक्सरवर हात ठेवूनच शिकली. पखवाजाच्या धुमेला, म्हणजे डाव्या बाजूला, ओली कणीक असते, तिथं माईक फार जवळ गेला की नुसता घुमारा येतो, बोल कळत नाही. पुढं टाळकऱ्यांची रांग. बुवांचा आवाज वर काढायला गेलं की माईक शिट्टी मारतो. हे कुठल्या कॉलेजात शिकवतात? आणि कर्ज लाखांत. डिग्री घेऊन आली तर आपल्या भागात तिला काम कोण देणार? स्टुडिओ आहेत किती?

खानापूरची वाचक
तुम्ही म्हणताय ते साउंडचं काम, आणि ते मोठंच काम आहे. ते रीतसर शिकायचं तर पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये साउंड रेकॉर्डिंग आणि साउंड डिझाइनचा अभ्यासक्रम आहे. मामांची भाची म्हणतेय ते वेगळं: सिग्नल प्रोसेसिंग, प्रोग्रामिंग, यंत्राला राग-ताल ओळखायला शिकवणं. बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठात २०११ ते २०१७ कॉम्पम्युझिक नावाचा प्रकल्प चालला. त्यात हिंदुस्थानी आणि कर्नाटक संगीताची रेकॉर्डिंग्ज गोळा करून त्यांचं संगणकी विश्लेषण केलं. आयआयटी मुंबईत प्रीती राव यांचा गट याच विषयावर काम करतो. स्टॅनफर्डचे जॉन चाउनिंग मुळात संगीतकार. त्यांनी शोधलेल्या, एका ध्वनिलहरीनं दुसरीची कंपनं बदलून आवाज घडवायच्या एफएम पद्धतीवर यामाहाचा डीएक्स७ हा की-बोर्ड १९८३ मध्ये आला आणि जगभर गाजला.

शहापूरचे मास्तर
विशारद म्हणजे उंबरठा. आत अजून पाऊल पडायचंय. ठरीव स्वरांची म्हणून आकाशवाणीनं १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली, ती शिथिल व्हायला १९७१ उजाडलं. तेवढ्या काळात बेळगावात पेटी थांबली का? विठ्ठलराव कोरेगावकर होते, त्यांच्यानंतर रामभाऊ विजापुरे. पेटीत मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, नाही; ती आहे असं ऐकणाऱ्याला वाटायला लावायचं हे बोटांचं काम. भात्यावरचा हात आणि सुटणारी पट्टी यांचा मेळ गुरूसमोर बसूनच येतो. आत्ता दोन वर्षं संगणकापुढं घातली तर हात जाईल, आणि या वयात गेलेला हात परत येत नाही. आधी गुरू, मग यंत्र.

टिळकवाडीकर
मास्तर, हाताचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण ठरीव स्वरांची तक्रार बंदी उठल्यावरही उरलीच ना? डॉ. विद्याधर ओकांनी २२ श्रुतींची, म्हणजे सप्तकातल्या १२ ऐवजी २२ सूक्ष्म स्वरांची, पेटी केली ती स्वतः पेटी वाजवतात आणि गणितही मांडतात म्हणून. हिच्याकडे दोन्ही आहे.

आणखी एक. भीमसेनजींनी संतवाणी गायली, तशी कन्नड हरिदासांच्या पदांची दासवाणीही. आपल्याकडं अभंग आणि दासरपदं दोन्ही समजणारी माणसं घरोघरी आहेत. मंडळांकडं, देवळांत जुन्या कॅसेटी पडून आहेत, फिती चिकटायला लागल्यात. त्यातलं काय कुणाचं, कुठल्या रागातलं, हे लावायला दोन्ही भाषा आणि सूर कळणारा माणूस लागतो. बाहेरचा कुणी येऊन हे करेल अशी वाट बघत बसायचं का?

निपाणीकर साउंड
कॅसेटींचं खरं आहे. आमच्याकडंही एक पेटारा भरून आहे. तरी माझा प्रश्न तिथंच: हप्ता कोण भरणार?

खानापूरची वाचक
कर्जाशिवायही वाट आहे. गेट ही इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा चांगली गेली तर आयआयटी मुंबईत सिग्नल प्रोसेसिंगला एम.टेक. करता येतं आणि विद्यावेतन मिळतं. प्रबंधाला संगीताचा विषय घ्यायचा. मुंबईत पेटीचे गुरूही मिळतील, म्हणजे मास्तरांची अट पाळली जाईल. परदेश नंतर, शिष्यवृत्ती मिळाली तरच.

शहापूरचे मास्तर
मुंबई चालेल. पण रोज सकाळचा रियाज ठरवून घ्या. वसतिगृहात पेटी ठेवू देतात का, हे आधी विचारा.

टिळकवाडीकर
विचारतो. शेत गहाण टाकायचं नाही एवढ्यावर घरात एकमत आहे. बंगळूरच्या नोकरीला मात्र ती नाहीच म्हणतेय, आणि मी तिच्या बाजूनं आहे. निपाणीकर, तो पेटारा कुणाला देऊन टाकू नका.