विलगीकरण की अलगीकरण?

पाटीपेन्सिल: साथीच्या कायद्यांवरची एक पुस्तिका मराठीत आणतोय. तिच्यात आयसोलेशन आणि क्वारंटाईन शेजारीशेजारी येतात. पहिलं रोग्यासाठी, दुसरं नुसता संपर्क आलेल्या धडधाकट माणसासाठी. मी अनुक्रमे विलगीकरण आणि अलगीकरण लिहिलं. संपादकांनी सरसकट विलगीकरण केलं, 'लोकांना तेच कळतं' म्हणे. पण धडधाकट माणसाला डांबायचं तर सरकारला जास्त सबळ कारण नको? शब्द एकच ठेवला की तो प्रश्नच कुणाला पडत नाही.

तिरफळ: 2020 मध्ये आमच्या दारावर 'गृह विलगीकरण' चिकटवलं होतं. घरात साधं शिंकतही नव्हतं कुणी. रूढ झालं ते झालं.

सांडणीस्वार: विलग आणि अलग! ऐकताना कळत नाही, ते कोर्टात काय टिकणार? क्वारंटाईनच ठेवा. व्हेनिसच्या 40 दिवसांवरून आलेला शब्द, आता आपलाच. आमची आजी 'कारंटीन' म्हणायची.

पाटीपेन्सिल: 1897 च्या साथरोग कायद्याच्या कलम 2 मध्ये तर 'सेग्रिगेशन' आहे, तेही तपासणाऱ्या अधिकाऱ्याला संशय आला एवढ्यावर. पुण्यात रँडच्या काळात घराघरांतून माणसं उचलली ती याच बळावर. कलम 4 अधिकाऱ्याला संरक्षण देतं; उचललेल्या माणसाने दाद कुठे मागायची, याबद्दल अक्षर नाही.

म्हापशाचो: तुमची रोगी-निरोगी वाटणी गोव्यात फसते. 1989 मध्ये डॉमनिक डिसोझाला एचआयव्ही आहे म्हणून म्हापशात 64 दिवस कोंडलं. आमच्या आरोग्य कायद्यातला शब्द आयसोलेशनच. माणूस हिंडता-फिरता, आणि हा विषाणू सहवासाने पसरतही नाही! तरी हायकोर्टाने तरतूद उचलून धरली. आता याला विलगीकरण म्हणाल की अलगीकरण?

तिरफळ: वाळीत टाकणं म्हणा सरळ.

सांडणीस्वार: ते जात-पंचायतीचं. त्यासाठी 2016 चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे. सरकार कुठे वाळीत टाकतं?

म्हापशाचो: डॉमनिकला विचारायला हवं होतं.

तिरफळ: बाय द वे, वाळीत हे वाळवंटावरून ना? गावाबाहेर नदीकाठी नेऊन सोडायचं...

सांडणीस्वार: छे! जुन्या मराठीत वाळणे म्हणजे टाकणे, वगळणे. वाळूचा काय संबंध?

तिरफळ: मग 'ओवाळून टाकणे' मधलं वाळणं कुठलं?

पाटीपेन्सिल: मंडळी, पुस्तिका सोमवारी छपाईला जातेय.

सांडणीस्वार: ओवाळणे वेगळं. थांबा, कोश काढतो.