'खांदा देणे': जिवंत माणसाला देता येतो का?

अर्धविराम
एका ठिकाणी अडकलोय, मदत करा. पुरुषांच्या मानसिक आरोग्यावरची एक छोटी पुस्तिका मराठीत करतोय. म्हणणं साधंच आहे, पुरुषांनी एकमेकांशी बोलावं, एकमेकांना धरून राहावं. आकड्यांचं काही वाटत नाही, ते झाले (जागतिक आरोग्य संघटनेचा २०१९ चा अंदाज आहे, आत्महत्येचं प्रमाण लाखामागे पुरुषांत १२.६ आणि बायकांत ५.४). घोडं अडलं त्याच्या पुढच्याच वाक्यात. मूळ वाक्य असं की मित्राला रडायला तुमचा खांदा द्या. मी बिनधास्त लिहिलं, 'मित्राला खांदा द्या'. रात्री बाबांना वाचायला दिलं, ते निवृत्त प्रूफरीडर, त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "आधी मरू तर दे त्याला."
हसलो, पण मग झोप लागेना. म्हणजे आपल्या भाषेत एक पुरुष दुसऱ्याला खांदा देतो तो फक्त तिरडीला? जिवंतपणी द्यायचा असेल तर काय म्हणायचं?

उगाचच
जिवंतपणी कोपरखळी देतात.

मोडीवाचक
वडील बरोबर आहेत. 'खांदा देणे' चा रूढ अर्थ एकच, आणि तो दुसऱ्या कशाला वापरला तर वाचणारा दचकणारच. रडायला खांदा हे सरळसरळ इंग्रजीचं उसनं आहे. मराठीत धीर देतात, आधार देतात, सांत्वन करतात, पाठीवरून हात फिरवतात. शब्दांचा दुष्काळ नाहीये, भाषांतरकाराने शब्दाला शब्द न ठेवता अर्थ उचलावा एवढंच.

बिनकान्याचा
उसनं म्हणून टाकायचं तर मग खांदे उडवणे पण टाका. आमच्या आजोबांनी जन्मात कधी खांदे उडवले नाहीत, ते नुसते 'हॅ' म्हणायचे. मैलाचा दगड पण टाका. शिवाय खांदा काय फक्त मढ्यासाठी आहे का, खांद्यावर पोरगं घेतात, खांद्यावर जबाबदारी येते, खांदे पाडून बसतात, खांद्याला खांदा लावतात. जिवंत माणसांचेच खांदे जास्त आहेत भाषेत.

मोडीवाचक
ते सगळे खांदे आहेत, पण 'देणे' एकाच ठिकाणी आहे. क्रियापद बघा ना.

जुनी_वही
खांदेपालट विसरलात. ओझं वाहणाऱ्यांनी मध्येच खांदा बदलायचा, दमलेल्याने बाजूला व्हायचं आणि ताज्या दमाच्याने पुढे यायचं. हल्ली फक्त मंत्रिमंडळाची होते ती गोष्ट वेगळी. पण मला कायम वाटतं की आधाराला हा जास्त जवळचा शब्द आहे. ओझं जात नाही, थोडा वेळ दुसरा घेतो. पुस्तिकेत बसतंय का बघा.

अर्धविराम
आवडलं, पण 'मित्राची खांदेपालट करा' म्हणलं तर मित्रच बदलायचा असं वाटेल.

तिरपी_मात्रा
मला खांद्यापेक्षा रडण्याची गंमत वाटते. बायकांसाठी काय काय आहे बघा. मुळूमुळू रडणे, टिपं गाळणे, डोळ्याला पदर लावणे, गळा काढणे. पुरुष रडला की लगेच गहिवरून येतं, कंठ दाटून येतो, डोळ्यांच्या कडा ओलावतात. म्हणजे पुरुष रडतच नाही, त्याच्या कडाच परस्पर ओल्या होतात, त्याचा काही संबंध नसल्यासारख्या! आणि एखादा खरंच मुळूमुळू रडला तर तो शब्द त्याला चिडवायलाच वापरतात.

बिनकान्याचा
ढसाढसा आहे की. ढसाढसा पुरुषही रडतात, बातम्यांत तर नेहमी असतं.

तिरपी_मात्रा
असतं, पण ढसाढसा रडायला पुरुषाला काहीतरी प्रचंड व्हावं लागतं. घर जळावं लागतं, नाहीतर कोणीतरी जावं लागतं. मंगळवारी दुपारी उगाच भरून आलं याला पुरुषासाठी क्रियापद सांगा.

उगाचच
"डोळ्यात काहीतरी गेलंय."

जुनी_वही
धाय मोकलून विसरू नका, ते दोघांनाही चालतं. आणि त्यातलं मोकलणे म्हणजे सोडून देणे, मोकळं करणे, मोकळा शब्द त्याच घरातला. म्हणजे मन मोकळं करणे आणि धाय मोकलणे हे भाऊ-भाऊ. एकाला आपण चांगलं म्हणतो नि दुसऱ्याला तमाशा.

अर्धविराम
बरं, मूळ मुद्द्यावर येऊ का? अजून एक शब्द अडलाय, व्हल्नरेबल. 'पुरुषांनी व्हल्नरेबल व्हायला शिकावं.' असुरक्षित लिहिलं तर वाटतं घराला कुलूप नाही. हळवा लिहिलं तर कविता करणारा वाटतो. उघडा पडणे लिहिलं तर वाटतं चोरी पकडली गेली.

मोडीवाचक
मूळ लॅटिनमधला व्हल्नस, म्हणजे जखम. ज्याला जखम होऊ शकते तो. आपल्याकडे मर्म आहे, मर्मावर घाव, मर्मभेदक. तेव्हा 'आपलं मर्म मित्राला दाखवणे' असं का करू नये?

बिनकान्याचा
मर्म दाखवणे?? सर, हे पोस्टरवर लावलं तर लोक डॉक्टरचा नंबर विचारतील.

उगाचच
मर्म वरून मर्द आला का? मी तर मर्दन वरून ऐकलंय. शत्रूचं मर्दन करतो तो मर्द. शाळेत सरांनी सांगितलं होतं.

मोडीवाचक
सरांनी जोशात सांगितलं असेल, पण चूक आहे. मर्द फारसीतून आला, मर्दन संस्कृतातल्या मृद् धातूवरून, दोघांचा काही संबंध नाही. मर्दचा खरा नातेवाईक जुन्या इराणी भाषेतला 'मर्तिय', आणि त्याचा आपल्याकडचा सख्खा भाऊ म्हणजे संस्कृत मर्त्य. मर्त्य म्हणजे मरणारा. तेव्हा व्युत्पत्तीने मर्द म्हणजे मारणारा नव्हे, ज्याला मरण आहे तो.

तिरपी_मात्रा
थांबा थांबा. म्हणजे 'मर्द को दर्द नहीं होता' म्हणणाऱ्यांच्या शब्दातच मरण बसलंय?

अर्धविराम
आणि म्हणून खांदा मेल्यावरच! बाबांना सांगतो.

जुनी_वही
मोडीवाचक, मग ते मर्दुमकीचं पण सांगा. मर्दानगी हिंदीकडून आली, पण मर्दुमकी आपली जुनी. आणि आता ती फक्त टोमण्यात उरली, 'मोठी मर्दुमकी गाजवलीस!' म्हणजे लहान पोराला मारलंस किंवा बायकोवर ओरडलास.

मोडीवाचक
फारसीत मर्दुम म्हणजे लोक, माणसं. म्हणजे तळाशी माणूसच आहे. टोमणा मात्र अस्सल मराठी, तो कुणाकडून आणावा लागला नाही. पण मी मुळात म्हणतो हे फारसी शब्द घ्यायचेच कशाला, पौरुष आहे, पुरुषार्थ आहे.

बिनकान्याचा
पुरुषार्थ म्हणजे धर्म अर्थ काम मोक्ष, त्यात रडणं कुठल्या खात्यात टाकायचं? आणि पुरुषत्व शब्द तर भिंतीवरच्या जाहिरातींनी कायमचा घेऊन टाकला. शुद्धीचं म्हणाल तर दिलासा शब्दात दिल आहे, हिंमत अरबी आहे, दोस्त फारसी, जिगरी फारसी. हे सगळे काढा आणि मग दोन पुरुषांचं एक संभाषण लिहून दाखवा. 'हे सख्या, धैर्य धर' असं काहीतरी होईल, आणि समोरचा पळून जाईल.

मोडीवाचक
महापौर शब्दालाही लोक हसले असतील, सावरकरांनी घडवला तेव्हा. आज कोणी हसतं का? आणि तुमचा जिगर तरी परका कसला, यकृत् आणि जिगर एकाच मुळाचे.

उगाचच
यकृतदोस्त 😂 दोन पेग झाल्यावरचा दोस्त.

जुनी_वही
हसताय तर अजून एक ऐका. संस्कृतात मित्र पुल्लिंगी असला तर सूर्य किंवा देव. आपला दोस्त या अर्थी तो नपुंसकलिंगी, मित्रम्. व्याकरणाच्या तासाला पोरं यावरून किती खिदळायची. मराठीत आणताना आपण त्याला घाईघाईने पुरुष केला.

बिनकान्याचा
आता जरा सिरियस लिहितो, लांब होईल. माझ्या घटस्फोटाच्या वर्षी एक मित्र रोज रात्री सव्वानऊला फोन करायचा. "काय रे?" "काही नाही, सहज." "जेवलास?" "हो." "बरं, ठेवतो." चाळीस सेकंद, कधी पन्नास. त्याने एकदाही विचारलं नाही कसं वाटतंय, मी एकदाही सांगितलं नाही, आणि तेव्हा मला त्याचा थोडा रागच यायचा की हा विचारत का नाही. पुढे फोन बदलताना जुना कॉल लॉग चाळला तर सात महिन्यांत एक दिवस चुकला नव्हता, त्याला स्वतःला ताप होता त्या दिवशीसुद्धा नाही, तो फोन मला आठवतो, आवाज पूर्ण बसलेला, आणि त्या घोगऱ्या आवाजात "सहज". तर अर्धविराम, तुम्ही आधार, धीर, खांदा काय शोधताय, पुरुषांच्या मराठीत त्याला सहज म्हणतात.

मोडीवाचक
सह अधिक ज, बरोबर जन्मलेला. सहोदर शब्दाच्या शेजारचा. हे मी वादासाठी नाही लिहीत. छान लिहिलंत.

तिरपी_मात्रा
छान आहे, मलाही आवडलं. तरी विचारते, राग मानू नका. त्या सात महिन्यांत चाळीस सेकंद सोडून उरलेलं कोणाशी बोलत होता? दोन-दोन तास कोण ऐकत होतं?

बिनकान्याचा
...बहीण.

तिरपी_मात्रा
तेच. तुमच्या सहजला शब्दांची गरज पडत नाही कारण शब्दांचं काम घरातली कुठली तरी बाई करत असते. मित्र खोटा होता असं मी अजिबात म्हणत नाहीये. पण पुस्तिकेत 'सहज' लिहून मोकळं होऊ नका, ज्याला बहीण नाही त्याने काय करायचं.

बिनकान्याचा
पकडलंत. पण हेही खरं की बहिणीशी बोलून झाल्यावर रात्र सुरू व्हायची, आणि सव्वानऊपर्यंत थांबायला कारण त्या फोनचं होतं.

अर्धविराम
हे दोन्ही मला हवं होतं, माहीत नव्हतं इतकंच. आता शेवटची अडचण. पुस्तिकेत ऑस्ट्रेलियातल्या मेन्स शेडची माहिती आहे, रिटायर झालेले वगैरे पुरुष एका शेडमध्ये जमतात, सुतारकाम करतात, काहीबाही दुरुस्त करतात, आणि करता करता बोलतात. त्यांचं ब्रीद असं की पुरुष समोरासमोर बोलत नाहीत, खांद्याला खांदा लावून बोलतात. परत खांदा!

मोडीवाचक
खांद्याला खांदा लावून मराठीत लढतात. बोलत नाहीत.

जुनी_वही
काम पण करतात. पण बोलत नाहीत हे खरं. 'शेजारी शेजारी' घ्या ना. समोरासमोर नाही, शेजारी शेजारी. लय पण बसते.

उगाचच
हे मात्र शंभर टक्के. माझी नोकरी गेली तेव्हा मित्र आला, बसला, आणि म्हणाला तुझा पंखा आवाज करतोय. मग दोघं तासभर पंखा खोलून बसलो. मी स्टुलावर, तो खालून स्क्रू देतोय. शेवटचा स्क्रू लावताना मी वर बघतच सांगितलं की हप्ते थकलेत. त्याचा चेहरा दिसत नव्हता म्हणून बोलता आलं. पंखा अजून आवाज करतो.

बिनकान्याचा
आणि शेडला काय म्हणणार? अड्डा?

तिरपी_मात्रा
अड्डा म्हणलं की पोलीस येतात.

मोडीवाचक
कर्मशाला.

उगाचच
सर, नको ना.

जुनी_वही
गडी शब्दावरून काही होईल का? खेळातला भिडू तो गडी, कामाचा नोकर तो गडी, आणि नुसता पुरुष तोही गडी. सवंगडी त्यातलाच. पुरुषाला एकाच शब्दात खेळायला, राबायला आणि सोबतीला लावलंय. गड्यांची शेड...

मोडीवाचक
गडी शब्दात नोकराचा वास आहे, आज कोणी स्वतःला म्हणवून घेणार नाही. शिवाय शेड इंग्रजी.

बिनकान्याचा
पत्र्याची शेड म्हणताना कोणाला इंग्रजी आठवतं? तुम्ही सोडून.

अर्धविराम
अपडेट देतो. काल पाठवली. शेडला शेडच ठेवलं. ब्रीदात 'शेजारी शेजारी' घेतलं, जुनी_वही आभार. व्हल्नरेबलचं वाक्य मोडून तीन वाक्यं केली, तरी नीट जमलं नाही असं वाटतंय. आणि 'मित्राला खांदा द्या' काढून 'मित्राच्या शेजारी जाऊन बसा' केलं.
बाबांनी ते वाचलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मला लक्षात आलं, त्यांचा छापखान्यातला मित्र, चाळीस वर्षं शेजारच्या टेबलावर, दोन महिन्यांपूर्वी गेला. खांदा देऊन आले होते. घरी येऊन आंघोळ केली आणि पेपर वाचत बसले, आम्हीही काही विचारलं नाही. ते पहिल्या रात्रीचं वाक्य विनोद नसावं.

तिरपी_मात्रा
मग काय बोललात त्यांच्याशी?

अर्धविराम
काही नाही. पुस्तिकेची प्रूफं येतील तेव्हा बघाल का विचारलं. हो म्हणाले. टेबलाशी दुसरी खुर्ची ओढून ठेवलीये.

मोडीवाचक
प्रूफं नव्हे, मुद्रितं. आणि पहिल्या पोस्टमध्येही तुम्ही प्रूफरीडर लिहिलंय, मुद्रितशोधक हवं, तेव्हाच सांगणार होतो.

बिनकान्याचा
चाळीस वर्षं ते स्वतःला काय म्हणायचे, विचारून सांगा.